मानाचा मॉनिटर

एका संगणकाला चार मॉनिटर जोडायचे आहेत, आणि संगणकाच्या पाठीला चित्राची केबल घालायला जागा मात्र एकच आहे. सांगा, कसं करायचं?

२०५८ सालच्या त्या सकाळी आडसडे गावच्या शाळेत सगळे याच प्रश्नापाशी डोकं धरून बसले होते. टेबलावरचा संगणक जेमतेम जेवणाच्या डब्याएवढा होता. पण त्याला हलक्यात घ्यायची कोणाची छाती नव्हती, कारण त्याचा जुळा भाऊ चंद्रावर होता. तिथे ‘घोरपड’ नावाची सहा चाकांची गाडी विवरांच्या कडांवरून हिंडत होती आणि तिच्या पोटात अगदी असाच संगणक होता. चंद्रशाळा प्रकल्पात निवडलेल्या प्रत्येक शाळेला ती गाडी एक दुपार चालवायला मिळे. आज पाळी आडसड्याची होती.

घोरपडीला चार कॅमेरे होते. एक समोर बघणारा, एक डावीकडे, एक उजवीकडे आणि एक मागच्या चाकांवर नजर ठेवणारा. चारही चित्रं चार वेगळ्या पडद्यांवर दिसली पाहिजेत आणि प्रत्येक पडद्यासमोर एक मूल बसलं पाहिजे, अशी अट होती. दुपारी गाडी ताब्यात द्यायच्या वेळेला एक जरी पडदा काळा राहिला, तर पाळी पुढच्या शाळेला. आणि ती शाळा नटूनथटून तयारच होती.

आता २०५८ सालात मॉनिटर असतात कोणाकडे? लोक चष्म्यातच सगळं बघतात. पण चंद्रावर पाठवायच्या यंत्रात कोणी नव्या नवलाईच्या वस्तू घालत नाही. तिथे बिघाड झाला तर दुरुस्तीला जाणार कोण? म्हणून वर्षानुवर्षं पारखलेलं, जुनं पण दणकट तेच घालतात. त्यामुळे या संगणकाला चष्मे ठाऊकच नव्हते. त्याला हवी होती केबल आणि तिच्या टोकाला जुना मॉनिटर. मग गावाने आपापले माळे धुंडाळले आणि चार मॉनिटर निघाले. घागांचा, परकारांचा, साळवींचा आणि भुवडांचा.

हा क्रम उगाच दिलेला नाही. आडसड्यात शिमग्याला देवीची पालखी निघते ती याच क्रमाने घरोघर जाते. पहिला मान घागांचा, शेवटचं घर भुवडांचं. असं का, ते कोणालाच सांगता येत नाही, पण क्रम चुकला तर गावात वर्षभराचा अबोला ठरलेला. बारा वर्षांची शलाका घाग तर या मानावर बेहद्द खूश असे. “आमच्या अंगणात पालखी आधी येते,” हे ती नव्या माणसाला स्वतःचं नाव सांगायच्याही आधी सांगून टाकायची.

प्रकल्पाने मदतीला एक रोबो पाठवला होता. कमरेएवढा, गोल डोक्याचा आणि स्वभावाने जरा आखडू. मुलांनी त्याचं नाव ठेवलं नेमक्या. कारण तो विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचा, त्याहून एक अक्षर जास्त नाही. हात तर कशालाच लावायचा नाही. “जोडणी शाळेने करायची, हा नियम आहे,” असं आल्या आल्या सांगून तो कोपऱ्यात जाऊन उभा राहिला होता.

पहिली युक्ती फैझान चाचांनी लढवली. परकारांच्या घरचे हे चाचा, गावात कोणाचंही काहीही बिघडलं की स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर. त्यांनी एक फाटा आणला होता. एका बाजूने एक केबल आत, दुसऱ्या बाजूने चार केबली बाहेर. “हे लावा, झालं काम,” ते म्हणाले.

लावलं. चारही मॉनिटर झक्क उजळले. मुलांनी टाळ्या पिटल्या, आणि पिटता पिटताच हात थांबले. चारही पडद्यांवर एकच दगड दिसत होता. चंद्रावरचा तोच एक दगड, चारदा.

“चार वेगळी चित्रं का नाही येत?” शलाकाने नेमक्याला विचारलं.

“फाटा चित्राच्या नकला काढतो,” नेमक्या म्हणाला. “शाळेची घंटा वाजली की सगळ्या वर्गांना एकच आवाज ऐकू येतो. पाचवीला वेगळा आणि सातवीला वेगळा, असं होत नाही. फाट्याचंही तसंच.”

“मग एका केबलमधून चार वेगळी चित्रं जाऊ शकतात?”

“जाऊ शकतात.” आणि तो गप्प.

वर्गशिक्षिका साळवी बाईंना हसू आवरेना. “अगं, कशी ते विचार त्याला.”

“कशी?” शलाका म्हणाली.

“आता बरोबर प्रश्न आला,” नेमक्याच्या डोक्यावरचा हिरवा दिवा लागला. “संगणकात ग्राफिक्स चिप असते (चित्रं तयार करणारा भाग). या संगणकातली चिप एका वेळी चार चित्रं काढू शकते. म्हणजे चित्रांची अडचण नाही, अडचण वाटेची आहे. वाट एकच, केबलची. म्हणून संगणक प्रत्येक चित्राचे बारीक तुकडे करतो आणि त्यांची पॅकेट बांधतो (माहितीची छोटी पुडकी). प्रत्येक पॅकेटवर मॉनिटरचा पत्ता असतो. चारही चित्रांची पॅकेट एकाच केबलमधून, एकामागून एक निघतात. पहिला मॉनिटर आपल्या पत्त्याची ठेवून घेतो आणि उरलेली पुढच्या मॉनिटरकडे पाठवतो. तो त्याच्या पुढच्याकडे. याला डेझी चेन म्हणतात (मॉनिटरला मॉनिटर लावून केलेली साखळी).”

केतकी भुवड शलाकाच्या शेजारच्या बाकावर बसायची. बोलायची कमी, पण बोलली की मुद्द्याचं. ती म्हणाली, “म्हणजे आपल्या एस.टी.सारखं. आपल्या स्टॉपचं पार्सल उतरवून घ्यायचं, बाकीचं सामान घेऊन गाडी पुढे जाऊ द्यायची.”

“तसंच,” नेमक्या म्हणाला.

आता साखळी करायची म्हटल्यावर पहिला कोण, हा प्रश्न शहरातल्या शाळेत निघाला असता. आडसड्यात तो निघालाच नाही. शलाकाचे आबा उठले, आपला मॉनिटर उचलला आणि संगणकाच्या लगत नेऊन ठेवला. कोणी काही बोललं नाही, कारण कोणाला त्यात बोलण्यासारखं काही वाटलंच नाही.

या आबांचं नाव संदेश घाग. तरुणपणी ते पुण्याला नोकरीला होते आणि त्या काळात याच मॉनिटरवर त्यांनी रात्रंदिवस गाड्यांच्या शर्यतीचे गेम खेळले होते. चारांत हा मॉनिटर सर्वांत मोठा, सर्वांत रुबाबदार. संगणकाची केबल त्याला लावली आणि तो असा लखलखून उठला की मागच्या ओट्यावर बसलेली माणसंही आत डोकावली.

“ह्याचा वेग काय आहे ठाऊक आहे?” आबा म्हणाले. “सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा चित्र काढतो. तुमचे बाकीचे साठ.” आणि त्यांनी स्वतः माऊस हातात घेऊन वेग पुरता वर चढवला. शलाकाची मान ताठ झाली.

मग घागांच्या मॉनिटरच्या दुसऱ्या खाचेतून परकारांच्या मॉनिटरला केबल गेली, तिथून साळवींच्या, तिथून भुवडांच्या.

घागांचा पडदा उजळलेला होता. बाकीचे तिन्ही काळे.

फैझान चाचांनी आपल्या मॉनिटरच्या पाठीवर थाप मारली, त्याने काही झालं नाही. केबली बदलून पाहिल्या, प्लग फुंकून पाहिले. प्रत्येक जण काळ्या पडद्यांनाच दोष देत होता. “भुवडांचा जुना आहे, त्यानेच घोळ केला असणार,” असंही कोणी म्हणून गेलं. केतकीने खाली बघितलं.

शलाका मात्र टेबलामागे शिरली आणि मॉनिटरांच्या पाठी बघू लागली. परकारांच्या मॉनिटरला दोन खाचा होत्या. एकीशेजारी आत येणारा बाण कोरलेला, दुसरीशेजारी बाहेर जाणारा. साळवींच्याही तशाच. भुवडांच्याही. मग तिने आपल्या मॉनिटरची पाठ पाहिली. दोन खाचा, आणि दोन्हींशेजारी बाण आतच येणारा.

तिने नेमक्याला खुणेने जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, “दोन्ही बाण आत असले तर?”

नेमक्याचा एक गुण होता. विचारणाऱ्याचा आवाज जेवढा, तेवढाच त्याचा. तोही कुजबुजला, “तर तो मॉनिटर घेतो, पण पुढे देत नाही. एका संगणकाऐवजी दोन संगणक लावता यावेत म्हणून त्याला दोन खाचा आहेत. दोन्ही घेण्याच्याच.”

“मग तो साखळीत चालणारच नाही?”

“चालेल. शेवटी. शेवटच्याला पुढे कोणालाच काही द्यायचं नसतं.”

शलाका टेबलामागेच बसून राहिली. उत्तर हातात आलं होतं आणि ते तिला नको होतं. घागांचं शेवटी? आबांना हे सांगायचं कोणी? तिने तीच केबल काढून पुन्हा तिथेच घातली, जणू तेवढ्याने बाणाचं तोंड फिरणार होतं. तेवढ्यात बाईंच्या हातातलं यंत्र वाजलं. पुढच्या शाळेने विचारलं होतं, तुमची तयारी होत नसेल तर आम्ही घेऊ का? बाईंचा चेहरा उतरला. या पाळीसाठी त्यांनी किती खटपट केली होती, ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

शलाका उठून उभी राहिली. “आबा, चूक बाकीच्यांची नाही. आपला मॉनिटर पुढे काही देतच नाही. त्याला शेवटी लावायला हवा.”

फैझान चाचा उगाच खाकरले.

“शेवटी?” आबा म्हणाले. “घागांचा?”

“हो.”

आबांनी पाठीमागे जाऊन बाण पाहिले. बोटाने चाचपूनही पाहिले. मग म्हणाले, “लाव तर मग. शाळेची पाळी गेल्यावर मान काय चाटायचाय?” पण म्हणताना त्यांनी नातीकडे पाहिलं नाही.

घागांच्या जागी भुवडांचा मॉनिटर आला आणि भुवडांच्या जागी घागांचा. केबली पुन्हा खोचल्या. भुवडांचा पडदा लागला. परकारांचा लागला. साळवींचा लागला. तीन पडद्यांवर चंद्राची तीन वेगळी चित्रं उभी राहिली, आणि शाळा आनंदाने दणाणली.

चौथा मात्र काळा. घागांचा.

गोंगाट हळूहळू विरला. कोणी हसलं नाही, हे लोकांचं मोठेपण. पण न हसताही माणसं बघतातच. “राहू दे,” आबा म्हणाले. “मेला असेल. घरी नेतो.” आणि ते कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसले. शलाकाला रडू फुटायच्या बेतात होतं. तिन्ही पडदे चालत होते, आणि सगळ्यांचं अडलं होतं ते तिच्या घरच्या वस्तूपाशी.

केतकी तिच्याजवळ येऊन बसली.

“आम्ही दर शिमग्याला असेच बसतो,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात कुठे टोमणा नव्हता, जे होतं ते सांगत होती. “रांगोळी सकाळीच काढतो. पालखी येईपर्यंत त्यातून कोंबड्या फिरून जातात. आई म्हणते, येणार ग, आपल्यासाठी निघालेली आहे ती. वाटेत कुठे अडली असेल.”

शलाकाने तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं शेजारी बसून हे तिला कधी कळलं नव्हतं. आरती झाली, पालखी अंगणातून गेली की शलाकाचा शिमगा संपत असे. पुढे ती कुठे कुठे थांबते, तिने कधी विचारलंच नव्हतं.

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वाटेत कुठे अडली असेल.

“नेमक्या,” तिने विचारलं, “आमच्या मॉनिटरची पॅकेट वाटेत अडली आहेत का? केबलमध्ये मावतं तरी किती?”

हिरवा दिवा दोनदा लागला. “प्रत्येक केबलला एक क्षमता असते (एका सेकंदात जास्तीत जास्त किती माहिती नेता येईल ती मर्यादा). चित्र पिक्सेलचं बनतं (चित्रातला सर्वांत लहान ठिपका). या जोडणीतून सेकंदाला सत्तर कोटींच्या आसपास पिक्सेल जातात. त्याहून जास्त मागितले तर संगणक शेवटच्या मॉनिटरला चित्र देतच नाही.”

“आणि आपण मागतोय किती?”

“ते फळ्यावर येईल,” नेमक्या म्हणाला. हिशोब शाळेने करायचा, हाही नियमच असावा.

केतकीने खडू घेतला. लहान मॉनिटरच्या पडद्यावर साधारण वीस लाख पिक्सेल. ते सेकंदाला साठ वेळा काढायचे, म्हणजे बारा कोटी. असे तीन मॉनिटर, छत्तीस कोटी. घागांचा मॉनिटर मोठा, त्यावर सदतीस लाख पिक्सेल. ते सेकंदाला...

“एकशे चव्वेचाळीस वेळा,” बाकावरून आवाज आला. आबा उठून उभे होते. “मघाशी वेग मीच चढवला ना. तो त्या संगणकाने लक्षात ठेवलाय.”

सदतीस लाख गुणिले एकशे चव्वेचाळीस, म्हणजे त्रेपन्न कोटी. छत्तीस आणि त्रेपन्न, एकोणनव्वद. वाट सत्तरची आणि सामान एकोणनव्वदचं.

“घोरपड सेकंदाला किती चित्रं पाठवते रे?” आबांनी नेमक्याला विचारलं.

“दहा.”

आबा कपाळावर हात मारून हसायला लागले. “दहा चित्रं येणार, आणि मी एकशे चव्वेचाळीस काढायला बसलोय. सरक शलाका.” त्यांनी माऊस घेतला आणि चढवलेला वेग स्वतःच्या हाताने साठवर उतरवला. केतकीने फळ्यावर पुसून लिहिलं. सदतीस लाख गुणिले साठ, बावीस कोटी. छत्तीस आणि बावीस, अठ्ठावन्न.

मावलं. घागांचा पडदा एकदा लुकलुकला आणि उजळला. ओट्यावरून, खिडक्यांतून, दारातून एकच आवाज उठला. शलाकाचा जीव भांड्यात पडला आणि ती केतकीच्या गळ्यातच पडली. बाईंनी डोळे पुसत पुढच्या शाळेला उत्तर धाडलं, आभारी आहोत, आम्ही तयार आहोत.

“आता घागांच्या पडद्यावर समोरचा कॅमेरा लावू,” फैझान चाचा म्हणाले. त्यांना आबांचं मन राखायचं होतं. “केबल शेवटची असली म्हणून काय झालं? का रे नेमक्या, चालेल ना?”

“चालेल. केबलचा क्रम आणि चित्रांचा क्रम यांचा संबंध नाही. सांगाल ते चित्र सांगाल त्या पडद्यावर येईल.”

पण आबांनी मान हलवली. “मागच्या चाकांचं लावा. पडदा मोठा आहे, माती बारीक दिसेल.”

गाडी चालवायला केतकी निवडली गेली, कारण तिचा हात स्थिर होता. शलाका शेवटच्या पडद्यासमोर बसली. दुपारी गाडी आडसड्याच्या ताब्यात आली. चंद्रावरून चित्र यायला सव्वा सेकंद लागतो आणि आपला हुकूम तिथे पोचायला आणखी सव्वा. म्हणजे पडद्यावर खड्डा दिसला तेव्हा गाडी त्याच्या थोडी पुढेच गेलेली असते. म्हणून केतकी गाडी हळू, अगदी हळू पुढे सरकवत होती. विवराची कड जवळ येत होती. समोरची वाट साफ होती. डावीकडे, उजवीकडे बसलेली मुलं ‘ठीक’ म्हणत होती.

शलाकाच्या मोठ्या पडद्यावर मागच्या डाव्या चाकाखालून धूळ निसटली. चिमूटभरच. मग आणखी थोडी.

“केतकी, थांब. मागचं डावं चाक धसतंय.”

केतकीने हात मागे घेतला. हुकूम निघाला आणि सगळी शाळा तो पोचायची वाट बघत राहिली. धूळ सरकतच होती. मग थांबली. चाक अर्धं रुतलेलं होतं, पण गाडी जागच्या जागी होती. केतकीने ती मागे घेतली, घट्ट जमिनीवरून वळसा घातला आणि घोरपड विवराच्या कडेवर नेऊन उभी केली. खाली अंधार होता. जिथे ऊन कधीच पोचत नाही असा अंधार. गाडीचा दिवा त्यात पडला आणि तळाशी काहीतरी पांढरं चमकलं.

“ते बर्फ आहे का?” शलाकाने विचारलं.

“ठाऊक नाही,” नेमक्या म्हणाला. “इथपर्यंत याआधी कोणी आलं नव्हतं.”

आबांनी ओट्यावर जमलेल्या गावाकडे पाहिलं. “ऐकलंत काय? कोणी आलं नव्हतं.” आणि छाती फुगवून पुढे म्हणाले, “गाडी भुवडांच्या पोरीने नेली.”

चंद्रशाळेच्या नकाशावर त्या कडेचं नाव आता ‘आडसडे’ आहे. खालचं पांढरं काय, ते शोधायला पुढच्या शाळा तिथूनच उतरणार आहेत. त्या वर्षी शिमग्याला पालखी नेहमीसारखी आधी घागांच्या अंगणात आली. गावाचा क्रम असा एका दुपारीत बदलत नाही. पण या खेपेला आरती झाल्यावर आबा आणि शलाका घरात शिरले नाहीत. परकारांकडे नारळ फुटला, साळवींकडे ओटी भरली, आणि ती दोघं पालखीमागून चालत भुवडांच्या दारापर्यंत गेली. शलाका तर त्याच्याही आधी धावत पुढे गेली होती, रांगोळीवरून कोंबड्या हाकलायला.

आणि हल्ली शाळेत कोणी नवा पाहुणा आला, तर ती स्वतःचं नाव सांगायच्याही आधी त्याला सांगून टाकते, “चंद्रावर गाडी नेली ना, तेव्हा शेवटचा मॉनिटर आमचा होता.”